टर्निपच्या एकतीस डुलक्या

आर्डिस क्वामीनं ऑल्डर फॉल्सच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं टपाल लावलं आणि या काळात आपल्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेलं नाही, असं ती सांगायची. दुसरं कोणी तसं सांगत नसे, पण कोणी खोडूनही काढत नसे. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या गावात माणसं एकमेकांचं बोलणं तोंडावर खोडत नाहीत. घरी जाऊन खोडतात.

निवृत्त झाल्यावर तिची ती चूक शोधणारी नजर रिकामी पडली. नवरा हार्लन होता तोवर ती त्याच्यावर चालायची. मोजे, मफलर, चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ, बरंच काही असायचं. हार्लन गेला आणि घर एकदम निर्दोष झालं. मग ती नजर पुस्तकांकडे वळली, आणि पुस्तकांतही मुख्यतः हेस्टर विनलो या बाईंच्या पुस्तकांकडे.

विनलोबाई दर सप्टेंबरात एक रहस्यकथा काढायच्या. समुद्रकाठचं छोटं गाव, तिथं घड्याळं दुरुस्त करणारी नेल नावाची बाई आणि तिचा पिवळा बोका टर्निप. गावात कोणाचा तरी खून व्हायचा, पोलिस भलत्याच माणसाला धरायचे आणि टर्निप कपाटाखालून एखादं बटण, चिठोरं किंवा कानातलं ओढून काढायचा. त्यावरून नेल खुनी ओळखायची. शेवटी सगळे केक खायचे आणि त्या केकची कृती मागच्या पानावर दिलेली असायची. सतरा वर्षांत सतरा खून होऊनही ते गाव सोडून कोणी गेलं नाही, याबद्दल आर्डिसची तक्रार नव्हती. खून होतातच. पण तिसऱ्या पुस्तकात टर्निपचा डावा कान फाटलेला होता आणि नवव्यात उजवा, हे तिला सहन होत नसे. नेलच्या आईला चौथ्या पुस्तकात पुरलेलं असताना तिनं बाराव्यात फोन केला, तेव्हा तर तिनं जेवण अर्धवट टाकलं होतं.

या सगळ्याची नोंद ती वाचकांची मतं छापणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटवर करायची. तिथं इतर वाचक 'पुस्तककिडा' किंवा 'मांजरांची आई' अशा नावांमागे लपायचे. आर्डिस मात्र खाली संपूर्ण नाव, गाव आणि राज्य लिहायची. निनावी टपालाबद्दल तिचं मत पोस्टातच बनलेलं होतं.

सतरावं पुस्तक आलं आणि वेबसाइटवर नेहमीची गर्दी लोटली. एकानं लिहिलं होतं, "पुस्तक छान आहे, पण पोचलं तेव्हा कोपरा दुमडलेला होता. एक तारा." एका बाईचं म्हणणं होतं, "खुनी मी चाळिसाव्या पानावर ओळखला. पाच तारे, कारण मी बरोबर निघाले." तिसरीनं या खेपेला मागच्या पानावर दिलेल्या लिंबाच्या वड्या करून पाहिल्या होत्या, पीठ जास्त पडलं होतं, खुनाबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. आणि एक गृहस्थ रागावले होते की पुस्तकात मांजर आहे, हे आधी कोणी सांगितलं कसं नाही. मुखपृष्ठावर मांजराशिवाय दुसरं काही नव्हतं.

आर्डिसनं पुस्तक दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मग मत लिहिलं. मथळा दिला, 'मांजर झोपलेलं आहे.'

"या पुस्तकात टर्निप एकतीस वेळा झोपतो," तिनं लिहिलं, आणि एकतीसच्या एकतीस पानांचे क्रमांक दिले. "खिडकीत झोपतो, घड्याळाच्या खोक्यात झोपतो, प्रेताशेजारी झोपतो. खुनाचा पुरावा नेलला स्वतः वाकून काढावा लागतो, आणि तिचे गुडघे दुखतात असं याच पुस्तकात सांगितलेलं आहे. मांजर म्हणजे चपळ, चौकस प्राणी. लेखिकेला मांजरांचा विसर पडलेला दिसतो. दोन तारे. आर्डिस क्वामी, ऑल्डर फॉल्स, मिनेसोटा."

चारशे बारा लोकांनी हे मत उपयोगी पडल्याचं कळवलं. आयुष्यात एवढी माणसं तिच्याशी एका वेळी सहमत झाली नव्हती.

गावच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी रहस्यकथा वाचणाऱ्यांचं मंडळ बसायचं. तिथं मात्र एक बाई कधीच सहमत नसायची. मार्व्हल बर्गस्ट्रँड. आर्डिसच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची, दोघी शाळेत एका बाकावर होत्या, आणि मार्व्हल प्रत्येक पुस्तकाला पाच तारे द्यायची.

"बिचारीनं एवढं लिहिलंय," ती म्हणायची. "तू लिहून दाखव तीनशे पानं."

"मी वाचते ना तीनशे पानं. तेही कष्टच आहेत."

"आणि मांजर झोपलं तर झोपू दे की! आमचा लॉईडसुद्धा दिवसभर झोपतो. गुणी बाळ आहे माझं. तुला काय कळणार, तू कधी मांजर पाळलंयस?"

आर्डिसनं कॉफीचा घोट घेतला. हे खरं होतं. हार्लनला घरात जनावर चालत नसे, आणि हार्लन गेल्यावर तिला स्वतःलाच गालिच्यावर केस चालत नसत. मांजरांविषयी तिला जे काही ठाऊक होतं ते सगळं विनलोबाईंच्या पहिल्या दहा पुस्तकांतून आलेलं होतं. त्याच जोरावर ती विनलोबाईंच्या पुढच्या सात पुस्तकांच्या चुका काढत होती.

नोव्हेंबरात पत्र आलं. पाकिटावर फक्त नाव, गाव आणि राज्य. खाली दुसरं काही नाही. पोस्टातल्या नव्या मुलीनं ते बरोबर पोचवलं, याची आर्डिसनं मनात नोंद घेतली. मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"प्रिय आर्डिसबाई," हेस्टर विनलोंनी हातानं लिहिलं होतं, "तुमची मोजणी जवळजवळ बरोबर आहे. एक सुटली. पान दोनशे सहा, खालून चौथी ओळ. टर्निप खरा आहे. त्याचं नाव फ्रँक. मी टेबलाशी बसते, तो जे करतो ते लिहून काढते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तो दोन वर्षांचा होता. आता तो एकोणीस वर्षांचा आहे आणि झोपतो. मी तरी काय करू? मला जे दिसत नाही ते लिहिता येत नाही. तुमचं मांजर तरणंबांड असावं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ते दिवसभर काय काय करतं, थोडं कळवाल का? माझ्यावर उपकार होतील."

एखादी बाई या पत्रानं हेलावली असती. आर्डिसनं आधी पान दोनशे सहा काढलं. खालून चौथी ओळ. 'नेलनं पेंगणाऱ्या टर्निपला बाजूला सरकवलं.' पेंगणं म्हणजे झोपणं का, यावर तिनं पंधरा मिनिटं स्वतःशी वाद घातला आणि हरली. दुपारभर तिला तेवढंच खुपत राहिलं. लेखिकेच्या म्हाताऱ्या बोक्याची आठवण तिला संध्याकाळी भांडी घासताना आली, आणि मग मात्र हातातली बशी तशीच धरून ती बराच वेळ नळाकडे पाहत राहिली. पाणी वाहत होतं.

उत्तराचे तीन मसुदे झाले. पहिल्यात तिनं सरळ लिहिलं होतं की माझ्याकडे मांजर नाही. ते वाचायला फार वाईट दिसत होतं. चारशे बारा लोकांचं काय? दुसऱ्यात तिनं एक मांजर रचलं, पण ते टर्निपसारखंच वागायला लागलं. तिसऱ्यात तिनं लिहिलं, "इथलं मांजर बरंच काही करतं. सवडीनं कळवते." यात एकही शब्द खोटा नव्हता. इथं मांजर होतं. दोन घरं सोडून.

पुढच्या मंगळवारी ती खजुराच्या वड्यांचं ताट घेऊन मार्व्हलच्या दारात उभी राहिली.

मार्व्हलनं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग तुला काही झालंय? डॉक्टर काय म्हणाले?"

"माझं सगळं धड आहे. शेजारणीकडे कॉफीला येऊ नये का माणसानं?"

"चाळीस वर्षांत आली नाहीस म्हणून विचारते," मार्व्हल म्हणाली आणि दार उघडलं.

लॉईड खिडकीखालच्या हीटरवर बसला होता. करडा, रुंद, मान नसलेला. आर्डिसकडे त्यानं कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यासारखं पाहिलं. "बघ कसा शांत बसलाय," मार्व्हल म्हणाली आणि कॉफी टाकायला आत गेली.

ती आत जाताच लॉईड उठला. टेबलावर चढला, लोण्याच्या बशीवरचं झाकण नाकानं सरकवलं आणि अर्धी वडी लोणी खाल्लं. मग झाकण पुन्हा नाकानंच जागेवर लोटलं. त्यानंतर मार्व्हलच्या कोटाच्या खिशातून एक हातमोजा ओढून काढला, हीटरखाली नेऊन टाकला, आणि पावलांचा आवाज येताच पूर्वीच्या जागी जाऊन डोळे मिटले.

"बाई गं, किती झोपतो हा," मार्व्हल ट्रे ठेवत म्हणाली. "आणि हे लोणी कसं संपतं कोण जाणे. मीच खात असेन."

आर्डिसनं पर्समधून छोटी वही काढली. "वाणसामान लिहून ठेवते," ती म्हणाली. "विसरायला होतं हल्ली."

हिवाळाभर हे चाललं. दर मंगळवारी ताट, कॉफी, वही. आर्डिस मुद्दाम काहीतरी मागायची, म्हणजे मार्व्हल आत जाईल. साखर, मग चमचा, मग दुसरा चमचा. जानेवारीत लॉईडनं पावाचा डबा उघडला. फेब्रुवारीत त्यानं मार्व्हलच्या दिवंगत नवऱ्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला, आणि मार्व्हल बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाली, "वॉल्टर आज नाराज आहे." आर्डिसनं ते सगळं सरकारी अहवालासारखं, तारखेनिशी, वेळेनिशी विनलोबाईंना कळवलं. विनलोबाईंची पत्रं वाढत गेली. "तुमचं मांजर म्हणजे अद्भुत प्रकार आहे," त्यांनी लिहिलं. "फ्रँकला वाचून दाखवते मी. तो कान हलवतो." आर्डिसला आता मंगळवारची वाट पाहायची सवय लागली होती, ती वाट मांजराची आहे की कॉफीची, हे तिनं तपासलं नाही. एरवी ती सगळं तपासायची.

पुढच्या सप्टेंबरात अठरावं पुस्तक आलं. यात टर्निप एकदाही झोपत नव्हता. लोणी चोरत होता, हातमोजे लपवत होता, मेलेल्या कप्तानाची तसबीर भिंतीकडे फिरवत होता, आणि त्या तसबिरीच्या मागेच मृत्युपत्र सापडत होतं. आर्डिसनं ते एका बैठकीत वाचलं आणि पेन्सिल घ्यायची विसरली.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मंडळ बसलं. वाचनालयाची कोरिन, जी मंडळाच्या खुर्च्या लावायची आणि भांडणंही सोडवायची, तिनं विचारलं, "कोण सुरू करतंय?"

"मी," मार्व्हल म्हणाली. चष्मा लावला. "मी आयुष्यात पहिल्यांदा दोन तारे दिलेत."

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"हे मांजर खोटं आहे. अकरा वर्षं मी मांजराबरोबर राहतेय. झाकण उघडून लोणी खाणारं आणि पुन्हा झाकण लावणारं मांजर जन्माला आलेलं नाही. एवढा दुष्टपणा मांजरात नसतोच. या बाईनं मांजर कधी जवळून पाहिलेलं नाही, असं मी स्पष्ट लिहिलंय. आर्डिस, तू बरोबर होतीस गेल्या वर्षी. लेखिका संपली."

आर्डिसनं समोरच्या बिस्किटाचे चार समान तुकडे केले.

"पण अर्पणपत्रिका पाहिलीत ना तुम्ही?" कोरिन कौतुकानं म्हणाली. "आपल्या गावाचं नाव आहे!"

"पुढची पानं मी वाचत नाही," मार्व्हल म्हणाली. "खून जिथं होतो तिथून सुरू करते."

कोरिननं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं. "ऑल्डर फॉल्सच्या आर्डिस क्वामीस, आणि तिच्या मांजरास. त्यांच्याशिवाय हे पुस्तक झोपूनच राहिलं असतं."

मग मार्व्हलनं चष्मा काढला. "तिच्या मांजरास? कुठल्या मांजरास? तुझ्याकडे कुंडीतलं रोप टिकत नाही, मांजर कुठून आलं?"

"मी विनलोबाईंना कधी 'माझं' असं लिहिलं नव्हतं," आर्डिस म्हणाली. "मी 'इथलं' म्हटलं होतं."

"इथलं म्हणजे कुठलं?"

"दोन घरं सोडून."

मार्व्हलनं हिशोब लावायला थोडा वेळ घेतला. तिच्या चेहऱ्यावर एकेक मंगळवार उलटा येताना दिसत होता. "साखर," ती हळू म्हणाली. "चमचा. दुसरा चमचा." मग आवाज चढला. "आणि वॉल्टर? वॉल्टरला लॉईडनं फिरवलं? मी दोन आठवडे त्या माणसाची माफी मागत होते, आर्डिस! काय चुकलं माझं म्हणून रडले मी!"

"मला माहीत नव्हतं तू रडलीस."

"तुझ्या वहीत नसेल ते!" मार्व्हल कोट घेऊन निघून गेली. हातमोजा तिला एकच सापडला.

आर्डिसला वाटलं होतं, निदान वेबसाइटवरची माणसं तरी आपल्या बाजूनं असतील. ती घरी जाऊन बसली आणि मतं वाचू लागली. "टर्निपची ती शांत झोप हाच या मालिकेचा आत्मा होता." "आम्हाला आमचा झोपाळू टर्निप परत द्या." "ही आर्डिस क्वामी कोण? हिनं मालिकेची वाट लावली." हे शेवटचं सहाशे नव्वद लोकांना उपयोगी वाटलं होतं. गेल्या वर्षीच्या चारशे बारांपैकी यात किती असतील, हे मोजायची सोय वेबसाइटवर नव्हती. लिंबाच्या वड्यांवाल्या बाईंना या खेपेची कृती मात्र जमली होती.

त्या आठवड्यात तिनं विनलोबाईंना खरं काय ते लिहिलं. मांजर माझं नाही, शेजारणीचं आहे. शेजारणीला मी विचारलं नाही, आणि ती आता माझ्याशी बोलत नाही. एकाच मसुद्यात पत्र झालं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. "मला पहिल्या पत्रापासून संशय होता," विनलोबाईंनी लिहिलं होतं. "मांजर पाळणाऱ्या बाईला एकतीसपर्यंत सलग मोजता येत नाही. ते मध्येच येऊन पानावर बसतं. पण तुमचे अहवाल इतके चांगले होते की मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते थांबले असते. फ्रँक गेल्या महिन्यात गेला. झोपेतच. वाचकांना हा शेवट आवडला असता. एकोणिसावं पुस्तक मी लिहिणार नाही. आणि शेजारणीकडे जा. ताट घेऊन जा, वही नको."

आर्डिस गेली नाही. तिला जायचं होतं, पण माफी हा प्रकार तिनं आयुष्यभर इतरांकडून स्वीकारलेला होता, द्यायचा कसा ते ठाऊक नव्हतं. तीन मंगळवार तिनं खजुराच्या वड्या केल्या आणि तीनही मंगळवार एकटीनं खाल्ल्या.

चौथ्या मंगळवारी मार्व्हलच आली. दार वाजवलं नाही, सरळ आत आली आणि टोपीवरचं बर्फ न झटकता टेबलाशी बसली.

"मी कॉफी करायला जाते असं म्हणून दाराआड उभी राहिले," ती म्हणाली. "फटीतून पाहिलं."

"मग?"

"त्यानं लोणी खाल्लं. झाकण लावलं. मग फ्रीज उघडायला गेला. फ्रीज, आर्डिस! पंजा असा आत घालून. हे तुझ्या पुस्तकात नाही."

"मी असताना त्यानं फ्रीज कधी उघडला नाही."

"तू वीस मिनिटं बसायचीस. वीस मिनिटांत काय कळतं कोणी कसं आहे ते? मी अकरा वर्षं त्याला संत समजत होते." तिनं पर्समधून एक कागद काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला होता. "एवढं सुटलंय तुझ्या हातून. एवढं! लोकांना वाटत असेल माझं मांजर साधं चोर आहे."

आर्डिसनं कागद वाचला. काम चांगलं होतं. फक्त तारखा नव्हत्या. हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं दुसरंच म्हटलं. "वॉल्टरचं मला वाईट वाटलं, मार्व्हल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मार्व्हलनं टोपी काढली. मग म्हणाली, "तसं पाहिलं तर माफी मागायला हवीच होती त्याची. दुसऱ्या एका गोष्टीसाठी. ते होऊन गेलं एकदाचं." आणि टेबलावरचं वड्यांचं ताट पुढे ओढलं.

त्याच संध्याकाळी मार्व्हलनं वेबसाइटवरचं आपलं मत बदललं. "पाच तारे. सगळं खरं आहे, उलट कमीच लिहिलंय. मांजर माझं आहे. त्याचं नाव लॉईड, ते कुठेही छापलेलं नाही याची लेखिकेनं नोंद घ्यावी." लेखिकेनं घेतली. त्यानंतर विनलोबाईंची पत्रं मार्व्हलच्या पत्त्यावर येऊ लागली, पाकिटावर लॉईडचं नाव, आणि दोघी ती एकत्र उघडत. मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हा अठराव्या पुस्तकाला एक तारा देणाऱ्यांनीच एकोणिसाव्यासाठी सह्यांची मोहीम काढली. मार्व्हलनं सही केली. आर्डिसनं केली नाही. त्या बाईच्या टेबलासमोर आता पाहायला काही उरलेलं नाही, हे तिला माहीत होतं.

अठराव्या पुस्तकाबद्दल आर्डिसनं अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. नाताळच्या आधी एकदा तिनं ते लिहून टाकलं. ना मथळा, ना पानांचे क्रमांक. "आवडलं," एवढंच, आणि खाली नाव, गाव, राज्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कोरिनचा फोन आला. "आर्डिसबाई, तुमच्या नावानं कोणीतरी भलतंच लिहिलंय तिथं. तुम्ही ठीक आहात ना? मी येऊ का?"